गॅरी किल्डॉल: मशीन बदललं तरी सॉफ्टवेअर चालत ठेवणारा माणूस

विंडोजचा लॅपटॉप हाताशी असेल तर एक गंमत करून बघा. नवीन फोल्डर बनवा आणि त्याला इंग्रजीत सी, ओ, एन ही तीन अक्षरं नाव म्हणून द्या. विंडोज हे नाव घेणारच नाही. यावरून भुताटकीच्या आणि शापाच्या बऱ्याच गोष्टी फॉरवर्ड होत असतात. खरं कारण अगदी साधं आहे. ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन. सत्तरच्या दशकातल्या एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे नाव वापरात होतं, तिथून ते डॉसमध्ये आलं, डॉसमधून विंडोजमध्ये. ते काढलं तर कुठलं तरी जुनं सॉफ्टवेअर अडखळेल, म्हणून ते आजही राखून ठेवलंय. ड्राइव्हना ए, बी, सी अशी अक्षरं असणं हेसुद्धा त्याच सिस्टिमकडून डॉसकडे आलं. ए आणि बी फ्लॉपीसाठी असायचे, म्हणून आपली हार्ड डिस्क अजूनही सी वर अडून बसली आहे.

त्या सिस्टिमचं नाव सीपी/एम, आणि ती लिहिणारा गॅरी किल्डॉल. आज त्याच्याबद्दल लिहितोय, कारण मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे: लॅपटॉप जुना आहे, क्रोम अपडेट होत नाही, अमुक सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम बदलू का? बदलल्यावर बाकीचं चालेल का? याचं नीट उत्तर द्यायचं तर किल्डॉलनं काय केलं ते कळायला हवं.

तारे, जहाजं आणि एक चिप

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटलचा. सिॲटल हे बंदराचं शहर. त्याच्या घरच्यांची जहाजावरच्या लोकांना दिशाज्ञान शिकवणारी शाळा होती. तारा कुठे आहे, घड्याळात किती वाजलेत, त्यावरून जहाज कुठे आहे हे काढायचं, असली गणितं तिथे चालत. वडिलांना एक असं यंत्र हवं होतं की हँडल फिरवला की उत्तर बाहेर यावं. पुढे गॅरी त्याच शाळेत शिकवायला लागला. मग वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तिथे कॉम्प्युटरच्या नादी लागला. शाळेतली मैत्रीण डोरोथी मॅकइवेन हिच्याशी त्याचं लग्न झालं. ही डोरोथी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, लष्करात जाणं चुकत नव्हतं. गॅरी नौदलात गेला, पण लढायला नाही. कॅलिफोर्नियात मोंटेरीला नौदलाची एक उच्च शिक्षण संस्था आहे, नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल. तिथे त्याला कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळालं. १९७२ मध्ये त्याची पीएचडीही झाली, कम्पायलरवर. १९७३ च्या त्याच्या शोधनिबंधातली पद्धत आजही कम्पायलरच्या पुस्तकांत शिकवतात. त्यानं दुसरं काहीही केलं नसतं तरी एवढ्यावर त्याचं नाव राहिलं असतं.

त्याच सुमारास इंटेलची ४००४ ही चिप बाजारात आली होती. गॅरीनं ती घेतली आणि तिच्यावर वडिलांच्या त्या दिशाज्ञानाच्या यंत्राचं गणित बसवायच्या मागे लागला. चिप फारच छोटी पडली, पण त्या निमित्तानं इंटेलशी ओळख झाली. कॉलेजला सुट्टी असेल त्या दिवशी तो इंटेलसाठी काम करू लागला आणि त्यांना पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंग भाषा करून दिली.

घरामागच्या शेडमध्ये

आता मुख्य गोष्ट. १९७४ मध्ये इंटेलची ८०८० चिप आली. गॅरीकडे फ्लॉपी ड्राइव्ह होता, ८ इंची, आजच्या टॅबच्या आकाराची फ्लॉपी घेणारा. ड्राइव्ह आणि चिप एकमेकांशी बोलत नव्हते. जॉन टोरोडी नावाच्या मित्रानं मधलं सर्किट बनवलं, आणि फाइल कुठे ठेवायची, कशी शोधायची, कशी वाचायची हे बघणारं सॉफ्टवेअर गॅरीनं लिहिलं. पॅसिफिक ग्रोव्ह गावात घरामागे एक शेड होती, तिथे हे सगळं झालं. हीच सीपी/एम. त्यानं ती इंटेलला दाखवली. इंटेलला पीएल/एम मध्ये रस होता, ह्यात नव्हता. मग गॅरी आणि डोरोथीनं स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. नंतर ‘इंटरगॅलॅक्टिक’ गळालं. मला विचाराल तर ते ठेवायला हवं होतं.

तेव्हाच्या बाजाराची कल्पना करा. अनेक कंपन्या कॉम्प्युटर बनवतायत, बऱ्याच जणांची चिप एकच, पण प्रत्येकाचा फ्लॉपी ड्राइव्ह वेगळा, कीबोर्ड वेगळा, प्रिंटरची जोडणी वेगळी. एका मशीनसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर शेजारच्या मशीनवर चालत नाही. गॅरीला प्रत्येक नव्या मशीनसाठी सीपी/एम पुन्हा बदलून द्यावी लागे. इमसाय नावाच्या कंपनीला सीपी/एम हवी होती. त्यांनी २५,००० डॉलरना परवाना घेतला. पण पुन्हा तेच, त्यांचे ड्राइव्ह वेगळे. गॅरी या कामाला कंटाळला होता.

तेव्हा त्यानं सीपी/एमचे सरळ तुकडे केले. हार्डवेअरशी थेट भिडणारा सगळा भाग कापून बाजूला काढला. अमुक ट्रॅकवर जा, एवढं वाच, हे अक्षर स्क्रीनवर टाक, एवढंच त्याचं काम. या भागाचं नाव त्यानं ठेवलं बायोस. हो, तोच शब्द. लॅपटॉप चालू होताना एफ-२ दाबून आपण जिथे जातो त्याला आपण अजूनही बायोस म्हणतो, खरं तर आता तिथे यूईएफआय असतं. सीपी/एम २.२ च्या बायोसमध्ये फक्त १७ कामं होती. ती १७ कामं ज्यानं त्यानं आपल्या मशीनसाठी लिहायची. त्याच्या वरचा भाग, फायली सांभाळणारा, सगळीकडे एकसारखा. आणि त्याच्या वर तुमचं सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअरनं या मधल्या भागाला काम कसं सांगायचं, तेही ठरलेलं होतं. प्रत्येक कामाला एक नंबर. २ म्हणजे एक अक्षर दाखव, १५ म्हणजे फाइल उघड, १६ म्हणजे बंद कर. नंबर ठेवायचा, ठरलेल्या पत्त्यावर हाक मारायची, बस. खाली फ्लॉपी कुठल्या कंपनीची आहे याच्याशी सॉफ्टवेअरला घेणंदेणं नाही.

परिणाम काय झाला? १९७८ मध्ये वर्डस्टार आला, मग डीबेस २ आला, दोन्ही आधी सीपी/एमसाठीच. एकदा लिहिलं की शेकडो मशीनवर चालतंय म्हटल्यावर सॉफ्टवेअर विकणं हा स्वतंत्र धंदा झाला. १९८१ पर्यंत सुमारे ३,००० प्रकारच्या कॉम्प्युटरवर सीपी/एम चालत होती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या क्लासला गेलेल्या कुणालाही विचारा. आईबाबा, काका, मामा, कुणीही. डॉस, वर्डस्टार, डीबेस, लोटस अशी माळ ते एका दमात म्हणून दाखवतील. त्यातली पहिली तिन्ही नावं या शेडपर्यंत जातात.

हे तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठे दिसतं

तीन थर डोळ्यांसमोर ठेवा. वर सॉफ्टवेअर, मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, खाली ड्रायव्हर आणि हार्डवेअर. जुना लॅपटॉप अडतो तेव्हा नेमका कुठला सांधा निखळलाय हे बघायचं असतं.

पहिला प्रकार, वरचा सांधा. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ पासून पुढची येतच नाही. लॅपटॉप बिघडलेला नसतो. नवं क्रोम मधल्या थराला ज्या नंबरनं हाक मारतं, तो नंबर जुन्या विंडोजच्या यादीतच नसतो, किंवा कंपनीनं त्या जुन्या यादीवर तपासून बघणं बंद केलेलं असतं. फोनवर ‘हे ॲप तुमच्या डिव्हाइससाठी नाही’ असं येतं ना, त्यातला बराचसा भाग हाच. इथे ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करणं हाच उपाय.

दुसरा प्रकार, खालचा सांधा, आणि लोक फसतात ते इथे. अपग्रेड झालं, क्रोम पळायला लागलं, आणि जुना स्कॅनर मुका झाला. ३२ बिटच्या विंडोजवरून ६४ बिटवर गेलात तर ३२ बिटची बहुतेक सॉफ्टवेअर्स चालतात, पण सिस्टिमच्या पोटात बसणारे ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. ते कंपनीनं नव्यानं लिहून द्यावे लागतात. दिले नाहीत तर स्कॅनर गेला. डॉसच्या काळातली १६ बिटची सॉफ्टवेअर्स तर ६४ बिटच्या विंडोजवर सुरूच होत नाहीत. ज्या डीटीपीवाल्यांकडे कोपऱ्यात एक जुनं एक्सपीचं मशीन धूळ खात उभं दिसतं, ते आळशी नसतात. पेजमेकरच्या जुन्या फायली, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट, कॉम्प्युटरला मागे लावायचं डोंगल, हे सगळं एकत्र जिथे चालतं ते एकच मशीन उरलेलं असतं.

किल्डॉलच्या काळातही हेच होतं, बरं का. सीपी/एम २ आली ती मोठ्या डिस्क घेऊन. मधला थर तो पाठवायचा, पण तुमच्या मशीनचा बायोस तुमच्या कंपनीनं नव्यानं जुळवून दिला तरच अपग्रेड. नाहीतर पुस्तिका उघडून स्वतः जुळवा, आणि लोक खरंच जुळवत. म्हणून माझा सल्ला ठरलेला: अपग्रेड करायच्या आधी बॅकअप घ्या, मग लॅपटॉपच्या खाली लिहिलेला मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर आहेत का बघा. प्रिंटर-स्कॅनरचंही तसंच. हे पंधरा मिनिटांचं काम आहे. लोक ते न करता दोन दिवस घालवतात.

स्मार्टफोनवाल्यांसाठी एक जोड. पूर्वी अँड्रॉइडची नवी आवृत्ती फोनवर यायची तर चिप बनवणाऱ्यानं, मग फोन बनवणाऱ्यानं सगळं पुन्हा जुळवावं लागे, म्हणून अपडेट रखडायचे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गूगलनं ‘ट्रेबल’ आणलं. हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा, वरचं अँड्रॉइड वेगळं, मध्ये ठरलेली सीमा. किल्डॉलनं ४० वर्षांपूर्वी शेडमध्ये बसून हीच कात्री चालवली होती.

आयबीएम आली तो दिवस

गॅरीचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगतात. १९८० मध्ये आयबीएमची माणसं त्याच्याकडे सीपी/एम घ्यायला आली, तेव्हा हा पठ्ठ्या विमान उडवायला गेला होता, म्हणून बिल गेट्सचं नशीब उघडलं. गोष्ट चटकदार आहे, आणि मला ती अजिबात पटत नाही.

गॅरीला विमान चालवायचा छंद होता हे खरं. त्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या विमानानं गेला हेही खरं, पण कामाला, आधी ठरलेल्या एका ग्राहकाकडे. धंद्याच्या वाटाघाटी कंपनीत डोरोथीच बघायची. आयबीएमनं तिच्यापुढे गुप्ततेचा करार ठेवला, तो फारच एकतर्फी होता. तिनं आणि वकिलांनी सही करायला वेळ घेतला. गॅरीच्या सांगण्यानुसार दुपारी तो परत येऊन आयबीएमच्या लोकांना भेटलाही. अडलं ते पैशाच्या पद्धतीवर. आयबीएमला एकरकमी सौदा हवा होता, गॅरीला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे पैसे. शिवाय आयबीएमच्या नव्या ८०८६ जातीच्या चिपसाठीची सीपी/एम त्याच्याकडे तयार नव्हती, उशीर होत होता.

ती सिस्टिम दुसरीकडे तयार होती. सिॲटलच्याच एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसननं ८६-डॉस लिहिली होती. सीपी/एमची सॉफ्टवेअर्स थोड्या बदलानं नव्या चिपवर आणता यावीत म्हणून त्यानं हाक मारायची पद्धत सीपी/एमच्या माहितीपुस्तिकेवरून घेतली. २ म्हणजे अक्षर दाखव, १५ म्हणजे फाइल उघड, १६ म्हणजे बंद कर. नंबर तेच. मायक्रोसॉफ्टनं आधी २५,००० डॉलरला परवाना आणि १९८१ च्या जुलैत ५०,००० डॉलरला हक्क घेतले, आणि आयबीएमला डॉस दिली.

गॅरीनं ती बघितली तेव्हा त्याला आपलं घर दुसऱ्याच्या नावावर दिसावं तसं झालं असणार. ९ नंबरचं काम म्हणजे अख्खी ओळ स्क्रीनवर दाखवणं, आणि ओळ कुठे संपते हे कळायला शेवटी डॉलरचं चिन्ह टाकायचं. ही त्याची स्वतःची निवड होती, डॉसमध्ये ती जशीच्या तशी होती. हा डॉलर तो पुढे लोकांना ऐकवत राहिला. कोड उचलला असं कधी सिद्ध झालं नाही. पुढे झालेल्या तपासणीतही कोड चोरल्याचं आढळलं नाही, हाका मात्र सारख्या निघाल्या. त्या काळी सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचे कायदे एवढे कच्चे होते की कोर्टात जाऊन काय पदरात पडेल याची खात्री नव्हती. त्यानं आयबीएमकडे तक्रार केली. आयबीएमनं त्याचीही सिस्टिम विकायला ठेवायचं कबूल केलं. आणि किमती लावल्या: डॉस ४० डॉलर, सीपी/एम-८६ २४० डॉलर. ग्राहकानं काय घेतलं असेल ते सांगायला नको.

मला यातली टोचणारी गोष्ट ही वाटते. खालचं बदललं तरी वरचं चालत राहावं म्हणून त्यानं हाका ठरवून दिल्या. आणि त्या ठरलेल्या होत्या, छापलेल्या होत्या, म्हणूनच दुसऱ्या कुणाला मधला थर, म्हणजे त्यालाच, बदलून टाकता आला. पण तंत्र म्हणून ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. लिनक्सवर वाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजच्या हाकांना लिनक्सवर उत्तर देतं. तुमचं एखादं जुनं विंडोजचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं ते याच मोकळीकीमुळे.

नंतरची वर्षं

आयबीएम प्रकरणानंतर गॅरी संपला असं समजू नका. कंपनीत ५०० हून जास्त माणसं झाली. १९८३ पासून तो टीव्हीवर ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ कार्यक्रमाचा सहसूत्रसंचालक होता. त्याचे भाग इंटरनेटवर आहेत, नक्की बघा. शांत, दाढीवाला माणूस, समोरच्या मशीनमध्ये खरोखर रस असलेला. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीनं अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणला, तेव्हा सीडी गाण्यांपुरतीच आहे असं बहुतेकांना वाटत होतं.

१९८८ मध्ये त्याच्या कंपनीनं डीआर-डॉस काढली, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉसची सॉफ्टवेअर्स चालवणारी त्यांची स्वतःची डॉस. आता फासे उलटे पडले होते. विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत मात्र एक तपासणी दडवलेली निघाली, खाली डॉस मायक्रोसॉफ्टची नसेल तर चूक दाखवणारी. पुढे डीआर-डॉस विकत घेतलेल्या कंपनीनं मायक्रोसॉफ्टवर खटला भरला आणि २००० मध्ये तो तडजोडीनं मिटला. सॉफ्टवेअर चालू शकतं का आणि त्याला चालू दिलं जातं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विंडोज ११ चंच बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे जायचं तर टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर हवा. २०१५ चा, ८ जीबी रॅमचा धडधाकट लॅपटॉपही त्या दाराबाहेर उभा राहतो. मायक्रोसॉफ्ट त्यामागे सुरक्षेचं कारण देतं, आणि टीपीएमचा फायदा खरा आहे. पण तुमचं काम ब्राउझर, ऑनलाइन क्लास आणि टायपिंग एवढंच असेल तर असा लॅपटॉप भंगारात देऊ नका. एसएसडी टाका, लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता आधी तिथूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा लागला तर मग पुढे जा. टॅली किंवा ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लागतच असेल, तर मात्र ती लिनक्सवर थेट चालत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

गॅरी आणि डोरोथी पुढे वेगळे झाले. १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलला विकली. पैसा होता, विमानं होती. टोचणी गेली नाही. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाला २५ वर्षं झाली, त्या समारंभाला त्यालाही बोलावलं होतं. मुख्य भाषण मात्र बिल गेट्सचं ठेवलं होतं. गॅरी त्याच विभागाचा पीएचडी, गेट्स दुसऱ्या विद्यापीठातून शिक्षण सोडलेला. हे त्याला लागलं, आणि त्यानं आठवणी लिहायला घेतल्या. हस्तलिखित जवळच्या काही लोकांना दिलं, छापलं नाही. दारूही वाढली होती. ८ जुलै १९९४ ला मोंटेरीच्या एका बारमध्ये पडून त्याच्या डोक्याला मार लागला आणि ११ जुलैला तो गेला. वय ५२.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला, त्याच्या कंपनीच्या जुन्या इमारतीबाहेर आयईईई या संस्थेनं सीपी/एमची पाटी बसवली. २०१६ मध्ये मुलांच्या परवानगीनं त्याच्या आठवणींचा पहिला भाग कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं खुला केला, इंटरनेटवर फुकट वाचता येतो. २०२२ मध्ये सीपी/एमचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती सगळ्यांना वापरायला आणि बदलायला मोकळी केली. हौशी लोक घरी झेड-८० चिपवर छोटे कॉम्प्युटर जोडतात, फ्लॉपीच्या जागी मेमरी कार्ड लावतात. त्या कार्डासाठी बायोसची ती १७ कामं स्वतः लिहितात. मग सीपी/एम २.२ चढवतात आणि वर्डस्टार उघडतात.